सावलीचा टोल

अन्याय झाला तो सोनाबाई गावितवर. गाव मोहफळी, तालुका नवापूर. साल १९६२, होळीनंतरचा पहिला शुक्रवार. आणि अन्याय करणारे कोणी परके नव्हते — तिच्याच ख्रिस्ती मंडळीचे पंच होते, ज्यांच्या आई-बापांना तिने घंटा वाजवून मातीपर्यंत पोचवलं होतं. त्यांनी तिला तिच्या स्वतःच्या मरणाची घंटा नाकारली. हे मी अगोदरच लिहून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुम्ही घंटेत गुंताल आणि बाईला विसराल. आतापर्यंत सगळे तसेच विसरले आहेत.

तुमच्या या भुताखेतांच्या सदरात प्रत्येक जण पहिल्यांदा सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं प्रकरण त्याहून वाईट आहे. मी असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं काढली आहेत! भगत अंगात आणतो त्यावर काढलं, दर्ग्याच्या ताइतावर काढलं, मिशनच्या ‘प्रार्थनेने ताप उतरला’ यावरही काढलं. नंदुरबारचा छापखानेवाला मला पाहिलं की विचारतो, “आज कोणाचा देव उतरवायचा?” मी धानोऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, जंगलमजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता. मोहफळीला गवत कापणाऱ्यांच्या वेठीविरुद्ध काम चालू होतं म्हणून मी तिथे वर्षभर राहिलो. मी ख्रिस्ती नाही, आणि हिंदू नसल्याची तक्रार माझी आई करते, माझ्यात ती लक्षणं दिसत नाहीत म्हणून.

मोहफळी म्हणजे नवापूरहून रंगावली नदी ओलांडून साग-मोहाच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव. खाली शाळा आणि कौलारू चर्च, वर टेकडीला चिकटलेला वरचा पाडा. चर्चच्या शेजारी सागाच्या चार खांबांवर पत्र्याचं छप्पर, त्याखाली घंटा. ही घंटा विलायतेची. तिकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चमध्ये ती पिढ्यान् पिढ्या टांगलेली होती. मग त्या खेड्याने आपल्या सगळ्या घंटा एका सुरात करून घेतल्या. ही त्या सुरात बसेना, म्हणून दिली जहाजात टाकून मिशनला. विलायतेहून आमच्याकडे जे जे आलं ते असंच आलं, त्यांच्या सुरात न बसणारं!

घंटेच्या काठाला इंग्रजीत दोन नावं ओतलेली आहेत, चर्चच्या कारभाऱ्यांची, ठळक अक्षरांत. वाजवणाऱ्याचं नाव तिथेही नाही.

मोहफळीत वाजवणारी सोनाबाई. तरुणपणी नवरा वारला, तेव्हा मिशनच्या एका गोऱ्या बाईने तिला दोर हातात दिला आणि मयताचा टोल शिकवला. घंटेच्या जिभेला, म्हणजे लोळ्याला, एका अंगाने चामडं बांधायचं. घंटा झुलली की लोळा एका बाजूला उघडा आपटतो, दुसऱ्या बाजूला चामड्यावरून. एक टोल खणखणीत, पुढचा दबलेला, लांबून आल्यासारखा. विलायतेत त्याला काही तरी नाव असेल. मोहफळीने स्वतःचं ठेवलं — सावलीचा टोल. माणूस गेला की आधी माणूस वाजतो, मग त्याची सावली. मयत अंगणातून उचलेपर्यंत टोल थांबवायचा नाही, असा नेम. सोनाबाईने त्यासाठी चामड्याची टोपी जुन्या मोटेच्या तुकड्यातून स्वतः शिवलेली होती. टोपी ती घरीच ठेवायची, चुलीवरच्या फळीवर, उंदरांपासून लांब.

मला तो टोल आवडायचा नाही. तिला मी एकदा म्हणालो, “मावशी, मेलेल्याला काय ऐकू येतं?”

“मेलेल्यासाठी कोण वाजवतं?” ती म्हणाली. “जे घरात बसून राहतात त्यांना उठवायला वाजवते मी. मयताला चार माणसं नकोत का?”

त्या हिवाळ्यात घंटा पत्र्याच्या डब्यासारखी बोलायला लागली. पंचांनी सुरतेहून हॉब्ज साहेबांना बोलावलं. हे म्हातारे पाद्री, विलायतेतल्या खेड्यात घंटा वाजवणाऱ्यांच्या घरात वाढलेले. शिडीवर चढून, घंटेत डोकं घालून ते आतूनच मराठीत बोलत होते. तिकडे म्हणे दगडी मनोऱ्यांतल्या ओकच्या चौकटी कीड खाते, घंटा झिजतात. मग कोणी तरी त्या उतरवतो, चौकट नवी करतो, घंटा परत चढवतो. लोळा वर्षानुवर्षं त्याच दोन ठिकाणी आपटतो, तिथे खड्डा पडतो, आवाज मरतो. उपाय सोपा, मला तो नंतर कळला. घंटा आहे त्याच जागी पाव वर्तुळ वळवून टांगायची, म्हणजे लोळ्याखाली कोरी जागा येते.

साहेब वरून ओरडले, “घंटा पाव फिरवा!”

आता घंटेत डोकं, तोंडात विलायती जीभ, वर वारा. खाली उभ्या असलेल्या पंचांनी ऐकलं, “घंटा गाव फिरवा.”

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरदेव गावभर फिरवतात, निवडून आलेला फिरवतात. घंटेने काय पाप केलं? पंचांचे मुख्य इलियास मास्तर, शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे कारभारी. ते तर खूष झाले. साहेब परतले तेव्हा ठरलं की ईस्टरच्या आधी घंटा बैलगाडीत घालून सगळ्या पाड्यांवरून मिरवायची. मग साहेब येऊन टांगतील. लोळा तेवढा झिजला होता म्हणून काढून नवापूरला लोहाराकडे दिला. हे लक्षात ठेवा. लोळा नवापूरला.

सोनाबाई तेव्हा आजारी होती. पोटाचं दुखणं. दवाखान्यातल्या पुड्या झाल्या, पंचांची प्रार्थना झाली. शिवरात्रीला तिच्या बहिणीकडची माणसं आली आणि तिला गाडीत घालून देवमोगऱ्याच्या जत्रेला घेऊन गेली. याहामोगी देवीपुढे कोंबडं दिलं. दुखणं बरं झालं नाही. मी तेव्हाही म्हणालो होतो की पुडी, प्रार्थना आणि कोंबडं, तिघांनी मिळून बाईला फसवलं. पण पंचांना एक कोंबडंच दिसलं. त्यांनी तिला मंडळीतून काढलं.

त्या शुक्रवारी सकाळी ती गेली. तिची मुलगी रूथ खाली शाळेपाशी आली तेव्हा मी तिथेच होतो. मिरवणुकीची तयारी चालू होती. घंटा गाडीत ठेवलेली, तोंड खाली, भाताच्या जाड पेंढ्यावर, चारी बाजूंनी दोराने आवळलेली. गाडी आमच्या धानोऱ्याच्याच एका माणसाची. मिरची घेऊन नवापूरला आला होता, माझ्या शब्दाखातर थांबला. नात्याने तात्या. त्याने नाव छापू नको म्हणून सांगितलं आहे, तेव्हा तात्या एवढंच. मास्तर घंटेला पताका बांधत होते.

“मास्तर, आई गेली,” रूथ म्हणाली. “टोल द्या.”

“अगं, घंटा कुठे आहे बघतेस ना? लोळा लोहाराकडे. टोल काय तोंडाने देऊ?”

“मी हातोडीने देते. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“विलायती घंटा आहे ती. शाळेतलं टोलाचं लोखंड नव्हे, बडवायला.”

“मग ईस्टरला वर चढवाल तेव्हा द्या. उशिरा द्या, पण द्या. शब्द द्या मला.”

मास्तरांनी पताकेची गाठ पक्की केली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “जिने देवमोगऱ्याला कोंबडं कापलं, तिला प्रभूची घंटा कशाला? तिकडचा ढोल मागव.”

तिथे निदान पंधरा-वीस माणसं उभी होती. मीच म्हणालो, “मास्तर, तुमच्या वडिलांचा टोल कोणी दिला?”

“पत्रकवाले, तुम्ही देवच मानत नाही. तुम्ही मध्ये पडू नका.”

“देवाचं तुमचं तुम्ही बघा. मी दोराचं विचारतोय. दोर कोणी ओढला?”

“गाडी हाक,” मास्तर तात्याला म्हणाले.

रूथ रडली नाही. ती वाटेने वर निघून गेली.

वरच्या पाड्याकडे जायची वाट एकच, आणि ती सोनाबाईच्या अंगणाच्या कुडाला घासून जाते. मिरवणूक त्याच वाटेने निघाली. पुढे मास्तर, उन्हासाठी छत्री उघडून. मागे गाणारी मंडळी. मग गाडी, आणि गाडीला लागून मी, कारण मला रूथकडेच जायचं होतं. ऊन चांगलं तापलं होतं. बाजाराला निघालेले खालच्या गावांतले लोकही गंमत बघायला वाटेवर थांबले होते.

अंगणात बाजेवर सोनाबाई, वरून पांढरं लुगडं. तिच्या बहिणीकडचे दोघे जण कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर खड्डा खणून नुकतेच आले होते. कुंपणाच्या आत तिचा नवरा आहे, पण आत जागा द्यायलाही पंचांनी नकार दिला होता. खांदा द्यायला मंडळीतलं कोणी नव्हतं. दोघे जण आणि रूथ, एवढीच माणसं.

गाडी अंगणापाशी आली आणि बैल उभे राहिले.

“हाक की रे!” पुढून मास्तर.

तात्याने शेपट्या पिळल्या. बैल हलेनात. आणि घंटा वाजली.

एक टोल. उघडा, खणखणीत. घंटा डबडी झाली होती म्हणून तर साहेबांना बोलावलं होतं ना? तो डबड्याचा आवाज नव्हता. मोहफळीत तसा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. गाणं जागीच तुटलं. मग झुलत्या घंटेला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, आणि दुसरा. दबलेला. चामड्यावरचा.

सावलीचा टोल.

मग पुन्हा उघडा. पुन्हा सावली.

मी काय केलं ते सांगतो. मी गाडीत चढलो. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की पेंढ्यात कोणी तरी काही तरी लपवलंय. हात घातला. पेंढा काठाशी गच्च होता, तोंड पुरतं बुजलेलं. असल्या घंटेला हातोडा मारला तरी ‘थप्’ होतं. हे नंतर मी स्वतः मारून पाहिलं आहे. मग मी दोन्ही तळवे घंटेवर दाबले. वाजती घंटा हाताला झिणझिण्या आणते, हे तुम्हाला देवळातली घंटा धरूनही कळेल. ही उन्हाने तापली होती, आणि ढिम्म होती. पताकेचा कागद हलत नव्हता. हाताखाली घंटा गप्प, आणि कानात टोल चालू. एक उघडा, एक सावली…

“भो, खाले उतर!” तात्या म्हणाला. “तिले जीभ नही शे! वाजस कशी ती?”

मी उतरलो. आणि आता जे लिहितो ते मला घंटेपेक्षा जास्त छळतं.

सगळ्यांनी ओळखलं होतं. मंडळीतल्या एका म्हातारीने पायांतल्या वहाणा काढल्या. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, हात आपोआप गेले असावेत. या टोलाचा अर्थ लेकरालाही माहीत होता — मयत घरात आहे, उठा, चार माणसं या. आणि ती सगळी माणसं पाच पावलांवर उभी राहिली. घंटा बोलवत राहिली, हे उभे राहिले. टोप्या हातात, पाय जमिनीत. मास्तरांनी छत्री तिरपी करून तोंड टेकडीकडे केलं.

रूथ बाजेच्या डोक्याशी उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी तात्याने कासरा टाकला. “आते काय देखी ऱ्हायनात? चाल भो,” मला म्हणाला. तात्या माळकरी माणूस, ख्रिस्ती मयताला शिवल्यावर घरी काय बोलणी बसतील ते त्याला माहीत होतं. त्याने एक बाजू धरली, मी एक धरली, बहिणीकडच्या त्या दोघांनी दोन धरल्या. बाज अंगणाच्या कुडातून बाहेर पडली, आणि टोल थांबला. सावलीवर थांबला. बैल आपणहून पुढे चालू लागले, रिकाम्या कासऱ्याने.

आम्ही तिला कुंपणाबाहेर ठेवलं.

संध्याकाळी मास्तर शाळेच्या ओट्यावर बसले होते. मी विचारलं, “ऐकलंत ना?”

“काय?”

“घंटा.”

“गाडीचं चाक कुरकुरलं असेल,” ते म्हणाले. “वंगण नव्हतं.”

मग मी घरोघर फिरलो. सवयच आहे. पत्रकाला साक्षी लागतात. टोपी काढलेल्याने सांगितलं, ऊन लागलं म्हणून घाम पुसत होतो. वहाणा काढणारी म्हातारी दार लावून बसली. बाजाराच्या वाटेवर थांबलेले लोक नवापुरात मला बाजूला घेऊन म्हणाले, “ऐकलं हो, अंगावर काटा आला… पण आमचं नाव नको.” तात्याला विचारलं तर तो म्हणाला, “मन्हं नाव छापू नको, भो. पन बैल मी थांबाडात नहीत. त्या आपेआप उभा ऱ्हायनात. इतलं लिख.”

लिहिलं, तात्या.

ईस्टरच्या आधी हॉब्ज साहेब आले. घंटा गावभर मिरवून आणली हे ऐकून त्यांना आपली चूक कळली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, त्यांच्या खेड्यातही दुरुस्त झालेल्या घंटा गाडीतून परत आल्या तेव्हा सगळं गाव वाटेवर उभं होतं, पोरं त्यांना हात लावून बघत होती. मी त्यांना विचारलं, “तिकडे कोणाला टोल नाकारायचे का?” त्यांनी हसणं थांबवलं. “हो,” म्हणाले. “जीव दिलेल्याला. कधी कधी चर्चला न येणाऱ्याला. भांडणं व्हायची.” म्हणजे नुसती घंटा आली नव्हती, नकारही त्याच जहाजातून आला होता.

मग त्यांनी घंटा उलटी करून, ज्या दोन कोऱ्या जागा आता लोळ्याखाली यायच्या होत्या त्या पुसायला घेतल्या. आत सगळीकडे हिरवट कळकट थर. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

“इथे आधी कोणी मारली?”

एका कोऱ्या जागी थर उडालेला होता आणि धातू लखलखत होता. लोळ्याच्या डोक्याएवढा ताजा घाव. समोरच्या जागेवर काही नव्हतं. थर जशाचा तसा. साहेबांनी दोन्हीकडे बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. एका बाजूला उघडा लोळा आणि दुसऱ्या बाजूला चामडं असलं की असंच होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पण लोळा या जागी कधी आपटलेलाच नव्हता. घंटा वळवायची अजून बाकी होती. लोळा साहेब आले त्याच दिवशी लोहाराकडून आला होता, आणि चामड्याची टोपी रूथच्या चुलीवरच्या फळीवर होती.

हाताखाली घंटा ढिम्म होती असं मी वर लिहिलं, आणि आत घाव होता असं इथे लिहितो. दोन्ही जुळत नाहीत. मला माहीत आहे. म्हणूनच दोन्ही लिहितो. साहेब नुसते म्हणाले, “She knew her bell,” म्हणजे बाईला आपली घंटा माहीत होती, आणि मास्तरांनी ते बाकीच्या पंचांना मराठीत सांगायचं टाळलं.

आमच्या संघटनेत मी हे सांगितलं तेव्हा मला सुनावण्यात आलं, “हे छापलंस तर भगतांचं फावेल. आजवरची पत्रकं पाण्यात.” मी म्हणालो, घंटा बाजूला ठेवा, बाईला टोल नाकारला यावर पत्रक काढा. तर उत्तर आलं, तो ख्रिस्ती लोकांचा आतला मामला. वा! अंधश्रद्धा सगळ्यांची, आणि अन्याय मात्र ज्याचा त्याचा.

घंटा आता वर आहे. आवाज सुरेख निघतो, रविवारी रंगावलीपर्यंत जातो. त्यानंतर मोहफळीत मयतं झाली, त्यांना टोल मिळाले. नुसते उघडे. सावली कोणी बांधत नाही, कारण टोपी रूथकडे आहे आणि ती मागायला जायला पंचांना तोंड नाही. रूथ मात्र अजून जाते मास्तरांकडे, आईचा टोल मागायला. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. मास्तर तिला काय म्हणाले ते जसंच्या तसं देतो: “वाजली म्हणतेस ना त्या दिवशी? मग मिळाला की टोल तुझ्या आईला. पुन्हा कशाला?” आणि त्याच आठवड्यात वरून कोणी मोठे पाद्री चौकशीला आले तर त्यांना सांगितलं, “काही वाजलं नाही. चाक कुरकुरलं.”

म्हणजे बाई मागते तेव्हा घंटा वाजलेली असते, आणि मोठे पाद्री विचारतात तेव्हा वाजलेली नसते.

तर वाचकहो, भूत होतं का हे मला पत्राने विचारू नका. हा अंक नवापुरात येतो, चिंचपाड्याला येतो, स्टेशनवर वाचला जातो. त्या शुक्रवारी बाजाराच्या वाटेवर तुमच्यातले कित्येक जण उभे होते. तुम्ही ऐकलंत. तुम्हाला त्या टोलाने चार माणसं मागितली, आणि तुम्ही टोपी हातात घेऊन बघत राहिलात.

आता या. मोहफळीच्या घंटेला भिंत नाही, दार-कुलूप नाही, दोर खाली माणसाच्या हाताला येईल असा लोंबतो आहे. रूथच्या फळीवर टोपी आहे. ती मागा, लोळ्याला बांधा, आणि दिवसाढवळ्या, मास्तरांच्या डोळ्यांसमोर, सोनाबाई गावितचं नाव घेऊन दोर ओढा.